रोज पडणारा ब्रेकर

गिरधर नानांच्या घरी वीज आता उलटीच यायला लागली होती. जगात ती सॉकेटातून बाहेर पडते, नानांकडे ती गच्चीवरून येऊन सॉकेटातून आत शिरायची. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, हेमराजने, पुण्याहून सोलर पॅनल पाठवला होता. "पिन लावा, झालं. मिस्त्रीसुद्धा नको," असं तो म्हणाला. उभी हयात दीपनगरच्या वीजकेंद्रात काढलेल्या नानांना ही उलटी गंगा पटेना. पण पोराने हौसेने पाठवलेली वस्तू, नाही कसं म्हणणार?

पत्नी मोहिनीबाई गेल्यापासून जळगावातल्या मेहरूणच्या त्या घरात नाना एकटेच होते. हेमराज रविवारी फोन करायचा, जेवण आणि गोळ्यांची चौकशी करायचा आणि ठेवायचा. उरलेला आठवडा नानांना खायला उठायचा. बोलायला कोणी नाही म्हणून ते टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी भांडायचे.

पॅनल लावला आणि दुसऱ्याच दिवशी न्याहारीनंतर ब्रेकर खाडकन पडला. वर केला, पुन्हा पडला. जळगावचं ऊन, आणि कूलर बंद. नानांनी पुण्याला फोन लावला.

"जबरदस्तीने वर करू नका, नाना. कुठंतरी गळती आहे. कूलरचं पाणी असेल, तो काढून पाहा."

कूलर काढला. दुपारी ब्रेकर टिकला, दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर पुन्हा पडला. हेमराज आता रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करू लागला. फ्रिज काढा म्हणाला, काढला. दूध नासलं. मिक्सर काढला, इस्त्री काढली. नाना घामाने निथळत होते, पण वर्षभरात बोलला नसेल इतका पोरगा त्या आठवड्यात बोलला. पॅनलवर संशय नानांना होता, पण पोराच्या भेटीला नाव कसं ठेवायचं?

शेवटी एके सकाळी ते गच्चीवर चढले. पॅनलवर पांढरंशुभ्र ओलं धोतर पसरलं होतं आणि त्यावर शेजारच्या सुनंदाबाई ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालत होत्या. धोतराचं पाणी ओघळून थेट वायरच्या जोडावर ठिबकत होतं.

"वहिनी! हे काय करू राहिल्या?"

"तुमना काच मस्त तपस, नाना! बठ्ठ्या बिबड्या कशा पटकन सुकी जातस!"

"हात काढा आधी! ऊन आहे तोवर या काचेत वीज जागी असते. तो ब्रेकर आहे म्हणून वाचल्या तुम्ही!"

बाई दचकून मागे सरल्या. नानांनी खाली जाऊन पिन उपसली, वर येऊन धोतर बाजेवर पसरून दिलं. जोड सुकवून नीट बसवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. पण हत्यारांची पेटी उघडता उघडता त्यांचा हात थांबला. ब्रेकर पडायचा थांबला, की फोनही थांबणार. त्यांनी पेटी बंद केली, कूलर आणि फ्रिज गुपचूप लावले, आणि दुपारी फोन येताच म्हणाले, "पडला ना! आजही पडला!"

असं बरेच दिवस चाललं. पंखे, दिवे, मोटार, सगळं नानांनी नुसतं तोंडानेच काढलं. एका दुपारी हेमराज मध्येच म्हणाला,

"नाना, पॅनलची पिन तर तुम्ही कधीच काढून ठेवली आहे."

"तुला काय माहीत?"

"तो किती वीज देतो ते माझ्या मोबाईलवर दिसतं. केव्हाचा बंद आहे."

कूलरसमोर बसलेल्या नानांना दरदरून घाम फुटला. "मग तू रोज फोन कशाला करतो?"

"इथं डबा उघडला, की समोर कोणीच नसतं, नाना."

नानांनी कूलर बारीक केला. मग हेमराजनेच विचारलं, "आज पडला का?"

"हाव, पडला ना. आता काय काढू, सांग."

"टीव्ही काढून पाहा," हेमराज म्हणाला, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.