आत्यासाहेबांच्या गोळीची व चहाच्या तहाची हकिकत

समस्त गोळ्या गिळणाऱ्या रयतेस विदित व्हावे की, पुढील मजकूर आम्ही खुद्द डोळ्यांनी पाहिला, आणि त्या समयी आमची नेमणूक चहाच्या आधणावर होती, सबब आमच्या शौर्याविषयी फार अपेक्षा न ठेवावी.

आमच्या घरी आत्यासाहेबांस थायरॉईड नामे गनिमाने घेरिले, आणि त्या बसल्या जागी डुलक्या घेऊ लागल्या, आणि ऐन उन्हात स्वेटर चढवून पंखा बंद करण्याचे फर्मान काढू लागल्या. थोरल्या बंधूंच्या पत्नी वहिनीसाहेब कोपऱ्यावरील औषधदुकानाच्या धनी. त्यांनी गोळी देतेसमयी "उपाशीपोटी घ्या" असा हुकूम फर्माविला होता. तरी रक्ताच्या तपासणीत गनीम हटेना, आणि डॉक्टरांनी गोळीचा जोर वाढविण्याची मसलत मांडिली. मग वहिनीसाहेब शंका येऊन भल्या सकाळी जातीनिशी चालून आल्या, तो काय पाहतात! आत्यासाहेबांनी गोळी जिभेवर ठेविली आणि आम्ही अदबीने पुढे केलेल्या वाफाळत्या चहासोबत ती पोटात रवाना केली.

"अहो आत्या, उपाशीपोटी म्हटलं होतं ना!"

"उपाशीच आहे की! चहा म्हणजे काय खाणं झालं का गं?"

वहिनीसाहेबांची नजर आमच्या हातातील कपाकडे वळली. आता तोफ आमच्यावर डागणार म्हणोन आम्ही स्वयंपाकघरात दडलो, परंतु त्या स्वतःवरच संतापल्या, कारण आजवर सगळ्या गिऱ्हाइकांस त्यांनी एवढेच सांगितले होते. मग तह ठरला की, उठताच गोळी, सोबत निव्वळ पाणी, आणि पुढे तासभर चहा बंद. पहिल्याच सकाळी आम्ही सवयीने कप घेऊन हजर जाहलो, आणि आत्यासाहेबांच्या जळजळीत नजरेखाली तो आम्हांसच उभ्या उभ्या रिचवावा लागला, आणि जीभ पोळली.

तिकडे दुकानी नवा रिवाज पडला की, गोळी कशी घेणार हे गिऱ्हाइकाने स्वमुखे सांगावे. थायरॉईडच्याच गोळ्या न्यावयास आलेले शिंपीकाका छाती काढून म्हणाले, "उपाशीपोटी, चहाबरोबर," आणि रांगेतल्या दोघी बायका म्हणाल्या, "बरोबर." वहिनीसाहेबांनी कपाळास हात लाविला, आणि तिघांस पहिल्यापासून समजाविले.

पुढील तपासणीत गनीम मागे हटला, आणि जोर वाढविण्याची मसलत रद्द जाहली, आणि आत्यासाहेब पुरत्या जाग्या होऊन, तासभर वाट पाहून, चहाचा पहिला घोट घेत्या जाहल्या. मग आम्हांस विचारिले, "इतके दिवस मी हे पीत होते?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हल्ली चहा आत्यासाहेब स्वहस्ते करितात, आणि खरे लिहिणे प्राप्त आहे, चवीत फरक पडतो.