०.४ सेकंदांत नामंजूर

उत्तर जितकं लांबून येतं तितकं ते भारदस्त वाटतं, हे प्रशासनाचं मूलतत्त्व आहे. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातली एसी दुरुस्त करणारी एक कंपनी २००५ सालापर्यंत या बाबतीत अगदीच अडाणी होती. कामगाराला रजा हवी असली की तो कागद लिहायचा, जनरल मॅनेजर खलीलसाहेब त्यावर होय किंवा नाही लिहायचे, खलास. (याला त्या काळी कामकाज म्हणत.)

हा कलंक धुऊन काढायची जबाबदारी कंपनीच्या एकुलत्या एका प्रोग्रामरवर, वसईच्या विल्सन तुस्कानोवर आली. एक सल्लागार फळ्यावर सात चौकोन काढून विमानात बसला आणि विल्सननं त्याबरहुकूम सात थरांची रजा-प्रणाली उभारली. पहिला थर अर्ज घ्यायचा. दुसरा, तो घेतला का हे बघायचा. तिसरा, दुसऱ्यानं नीट बघितलं का हे बघायचा. चौथा काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं, पण तो काढला की बाकीचे सहा बंद पडत. म्हणजे तो अधिकारी दर्जाचा असणार. पाचवा आणि सहावा एकमेकांना कळवत. सातवा खलीलसाहेबांना विचारायचा. साहेब तीन सेकंदांत उत्तर देत आणि ते वर यायला अकरा मिनिटं लागत.

सहाशे बारा कामगार आणि एक कॉम्प्युटर. रांग गेटाबाहेर गेली तेव्हा साहेबांनी वेग वाढवायचा हुकूम सोडला. विल्सननं मग भलेभले करतात तेच केलं. एकदा आलेलं उत्तर पहिल्या थराच्या खिशात ठेवून दिलं, म्हणजे पुन्हा खाली उतरायला नको. फक्त ते उत्तर कोणाच्या अर्जाचं, हे लिहायचं राहून गेलं. त्या दिवशीचा पहिला अर्ज सचिन नावाच्या मेकॅनिकचा होता. त्याला जुलै-ऑगस्टची रजा हवी होती. एसीवाल्याला, कतारमध्ये, जुलैत! साहेब नाही म्हणाले. ते ‘नाही’ खिशात जाऊन बसलं आणि पुढे येईल त्याला मिळत राहिलं.

वेळ अकरा मिनिटांवरून ०.४ सेकंदांवर आली. तक्रारी शून्य. अठ्ठ्याण्णव टक्के अर्जदारांना हेच उत्तर अपेक्षित होतं. उरलेल्या दोन टक्क्यांनी आपलंच काही चुकलं असेल असं मानलं. हल्ली कोणी रजाच मागत नाही, माणसं कामात रमली, असं साहेबांना वाटलं. त्यांनी विल्सनला प्रमाणपत्र दिलं. विल्सननं ते काचेत बसवून घेतलं.

डिसेंबरात विल्सननं स्वतःच्या लग्नासाठी अर्ज केला. सात जानेवारी, वधू ऑलिव्हिया. वसईच्या चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावंही पुकारून झाली होती. ०.४ सेकंदांत नामंजूर. आधी त्याला वेगाचा अभिमान वाटला. मग घाम फुटला. दुपारपर्यंत त्याला चूक सापडली आणि ती सांगायची म्हणजे प्रमाणपत्र परत करून सहाशे अकरा जणांना तोंड द्यायचं, हेही लक्षात आलं.

"तुझ्या मशीननं नाय सांगितलं म्हणून मी काय दुसरा नवरा शोधू?" ऑलिव्हियानं फोनवर विचारलं.

विल्सनला रडूच आलं. थर सात असोत की सत्तर, ऑलिव्हियावर त्याचा खराखुरा जीव होता.

खाली साहेबांचा ड्रायव्हर संपत गाडी पुसत होता. बीडचा माणूस. ऑक्टोबरात गावी जाऊन आलेला.

"संपतभाऊ, तुम्हाला रजा कशी मिळाली?"

"कशी म्हंजी? सायबाला गाडीत इच्यारलं."

"आणि अर्ज?"

"अर्ज करून कुटं रजा भेटती व्हय?"

दुसऱ्या दिवशी साहेब अल खोरच्या साइटवर निघाले तेव्हा विल्सन पुढच्या सीटवर होता. पहिल्या राउंडअबाउटला त्यानं तोंड उघडलं.

"शादी? मबरूक!" साहेब मागून त्याचा खांदा थोपटत म्हणाले. "यल्ला, जाओ!"

दुसरा राउंडअबाउट यायच्या आत रजा मंजूर. बाकीच्यांचंही आता सांगून टाकावं, असं विल्सननं मनाशी पक्कं केलं. तिसऱ्या राउंडअबाउटला साहेबांनीच विचारलं, "और, सिस्टम कैसा है?"

"फर्स्ट क्लास, सर," विल्सन म्हणाला.

संपतनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गिअर बदलला.

सात जानेवारीला विल्सन वेदीसमोर उभा राहिला. दोहात खिशातलं ‘नाही’ आपलं काम करत राहिलं.

वाचकहो, विल्सनला खुशाल नावं ठेवा. पण घरातलं पोर "आई, मी" किंवा "बाबा, मी" एवढंच म्हणतं आणि पुढचं वाक्य यायच्या आत तुमचं ‘नाही’ बाहेर पडतं, ते नक्की कोणाच्या, कोणत्या सालच्या अर्जाचं उत्तर आहे, हे एकदा तपासून बघा. वेळ ०.४ सेकंदांच्या आत असेल तर कळवावं. प्रमाणपत्र काचेत बसवून मिळेल.