माणसाचा टाइम

इंदापूरच्या स्टँडवर कोणी हसनतात्यांना "बारामती किती लांब?" असं विचारलं, तर ते भिंगातून डोळा न काढता सांगतात, "इमानानं चार मिंटं. पर इमान हितं उतरत न्हाय. तवा यष्टीनं जा, सव्वा तास."

तात्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर त्यांना तोंडपाठ. मुंबई-टोरांटो म्हटलं की लगेच, "साडेबारा हजार किलोमीटर. पर इमानाचा टाइम येगळा, माणसाचा टाइम येगळा."

"तात्या, तुम्ही कधी बसलाय का विमानात?" पोरं डिवचतात.

"डाक्टर सोता बाळंत हुतो व्हय रं?"

हे वेड चार वर्षांपासूनचं. त्यांची बायको, आमची चाची, गेली. त्यांच्यात माती लवकर देतात. पण मुलगा सलीम टोरांटोहून निघाला होता. तात्यांनी नुसते उडण्याचे तास मोजले आणि जमातीला शब्द दिला, "सकाळी पोचतोय." मध्ये विमान बदलावं लागतं, हे त्यांनी धरलंच नाही. जमात दुपारच्या नमाजापर्यंत थांबली, मग माती दिली. सलीम आला तेव्हा दिवे लागले होते.

गेल्या महिन्यात माझे वडील पहाटे गेले. ताई मेलबर्नला. चुलते म्हणाले, "दिवस मावळायच्या आत उरकू. ती कधी यायची!" वडील शेवटचे दोन दिवस तिचंच नाव घेत होते.

तेवढ्यात तात्या जमातीची मयत ठेवायची बर्फाची पेटी टेंपोत घालून दारात उभे.

"अण्णा, थांबा," ते चुलत्यांना म्हणाले.

"किती थांबायचं, तात्या? गाव खोळंबलंय."

तात्यांनी ताईच्या तिकिटाची वेळ मला विचारली. मग खिशातून पेन्सिल काढली आणि ओट्यावर बसून मांडत गेले. सिंगापूरला विमान बदलायचं. मुंबईत पिशवी यायला पाऊण तास. घाटात अर्धा. "भिगवणला च्या न्हाय. लोणी देवकरला कंपनीची शिफ्ट सुटती, तितं पंधरा मिंटं." मग कागद चुलत्यांच्या हातात दिला. "उद्या दुपारी तीन. न्हाय आली, तर माझं दुकान बंद."

चुलत्यांनी कागद वाचून खिशात ठेवला. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजल्यापासून तात्या रस्त्याला उभे. तीन वाजले. तीन-दहा झाले. ते घड्याळ कानाला लावून पाहत होते. तीन-बाराला गाडी वळली. ताई धावत आत गेली आणि वडिलांच्या गालावर तिनं हात ठेवला.

मी बाहेर आलो. तात्या तिथंच, पाठमोरे.

"तात्या, आत या ना."

"न्हाय मास्तर. हितनंच दिसलं." त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "कुणीतरी येळेत आलेलं एकदा बघायचं हुतं."