नाक्यावरची भजी

आमचा घाणा बंद पडला त्या वर्षी आमच्या घरात तेल नव्हतं. तेल्याच्या घरात तेल नव्हतं, हे मी मुद्दाम दुसऱ्यांदा सांगतो, कारण शिकल्यासवरल्या लोकांना ते ऐकून हसू येतं. आम्हाला येत नव्हतं. आई चटणीत पाणी कालवून वाढायची आणि आम्ही खाईपर्यंत दुसरीकडं तोंड करून बसायची.

सोलापुरात तेलाची गिरणी निघाली होती. सोलापूर इंग्रजांचं, आमचं अणदूर निजामाचं, मध्ये करोडगिरीचा नाका. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर निजाम सरकार तिथं महसूल घ्यायचं. तो महसूल भरूनही गिरणीचं तेल आमच्या घाण्याच्या तेलापेक्षा स्वस्त पडायचं. बाबा तरी रोज बैल जुंपायचे. बैल फिरायचा, गिऱ्हाईक फिरकायचं नाही.

आणि ह्याच गिरणीचा एक भागीदार आमच्या समोरच्या घरात राहत होता. चनबसप्पा. किराणा दुकान, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि नाकावर राग. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. अप्पा सकाळी उठायचे तेच चिडून. कोंबडा लवकर आरवला म्हणून त्याच्यावर, उशिरा आरवला तरी त्याच्यावर. राग मराठीत मावेनासा झाला की ते कानडीत शिरायचे. मग गल्लीतली पोरं पळ काढायची.

एक दिवस ते आमच्या दारात उभे राहून ओरडले, "भाना, ह्या बैलाच्या डोळ्यावर झापड हाय. तुझ्या डोळ्यावर काय हाय रं?"

बाबांनी बैल सोडला. पुढच्या बाजाराला बैल विकला, आणि अप्पा बाबांना हाताला धरून सोलापूरला घेऊन गेले. गिरणीची कंपनी नवी होती, लहान होती, शेअर घेणारे शोधत होती. बैलाचे पैसे घेऊन बाबा गेले आणि शेअर घेऊन आले.

आईनं कपाळावर हात मारला. "ज्यानं आपलं खाल्लं त्याच्याच तोंडात बैल घातला!"

"बैल मरतोय," अप्पा दारातूनच गरजले. "शेअर मरत न्हाय, सावित्री!"

आई त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. मलाही तो माणूस डोळ्यांसमोर नको वाटायचा. गिरणीनं आमचा घाणा गिळला आणि हा आम्हाला त्याच गिरणीचे मालक करून आला, ह्याची मला चीड होती. खरं सांगायचं तर अजून थोडी आहे.

अप्पांना मात्र मालकी अंगात भिनली होती. सोलापूरला गेले की गिरणीला फेरी मारायचे. भट्टीवाल्याला म्हणायचे, "धूर किती सोडतोस? माझा धूर हाय त्यो!" मॅनेजर बाहेर गेला की त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचे. कुणी उठा म्हटलं की ठरलेलं वाक्य, "कायदा दाखीव. मालक हाय म्या!"

गावात भागीदार तिघं. अप्पा, बाबा, आणि पानाच्या दुकानवाले हुसेनभाई. नफा वाटला गेला की तिघांची बैठक हुसेनभाईंच्या दुकानापुढं बसायची. पहिल्याच वर्षी भडका उडाला.

"कंपनीनं आधी इन्कमटॅक्स भरला म्हणं," बाबा भीत भीत म्हणाले. "मग उरलं ते आपल्याला."

"कुणाला भरला?" अप्पांनी डोळे वटारले.

"इंग्रजाला."

"आपण रयत कुणाची?"

"निजामाची."

"मग इंग्रजाचा हात आपल्या खिशात कसा?"

हुसेनभाई पानाला चुना लावत म्हणाले, "लांब हात हाय अप्पा त्याचा. तिकडं विलायतेतनं पुरतोय."

मी तेव्हा मॅट्रिकसाठी सोलापूरला होतो, सुट्टीला आलो होतो. मी म्हणालो, "अप्पा, आपली कमाई टॅक्स बसण्याइतकी नाही. आपल्या वाट्यातनं गेलेला टॅक्स अर्ज केला तर परत मिळतो."

अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू तो टॅक्स मीच नेला होता. "म्हंजे त्यानं चुकून नेला?"

"चुकून नाही. कायद्यानं."

"आन् परत देणार?"

"तेही कायद्यानं."

"मग नेला कशाला?"

हा प्रश्न मी पुढं कॉलेजात प्रोफेसरांना विचारला. त्यांनी पुस्तक उघडून पुढचा धडा सुरू केला.

बाबांना आणि हुसेनभाईंना अप्पांनी धाक घालून अर्ज करायला लावले. स्वतः केला नाही. "म्या मागणार न्हाय. म्या भांडणार." बाबांचा टॅक्स परत आला, माझ्या मॅट्रिकच्या फीला लागला. अप्पांचा आला नाही. ते भांडतच राहिले.

त्यांचं खरं रणांगण मात्र नाका. कंपनी दरवर्षी सभेला येणाऱ्या प्रत्येक भागीदाराला तेलाचा डबा भेट द्यायची. बाबा आणि हुसेनभाई आपले डबे सोलापुरातच विकून मोकळे व्हायचे. अप्पा आपला डबा घेऊन मोटारीत बसायचे. नाक्यावर मुन्शी म्हणायचे, "महसूल."

"कशाचा? माझ्या गिरणीचं तेल हाय. घरच्या म्हशीचं दूध घरात नेताना महसूल देतंय व्हय कुणी? इंग्रजानं एकदा पिळलं, आता तुमचा निजाम पिळणार? पेंडीतनं किती तेल निघंल?"

"कायदा है, अप्पा."

"मग न्हाय नेत जा!"

नाक्याच्या अलीकडं, इंग्रजी हद्दीत, कोंडाबाई नावाच्या म्हातारीचं चहाचं खोपट होतं. अप्पांनी तिची कढई मागून घेतली, हरभऱ्याचं पीठ घेतलं, कांदे चिरायला बाबांना बसवलं आणि डबा फोडला. मोटारवाला, गाडीवान, बाजाराच्या बाया, नाक्यावरचे शिपाई, जो दिसेल त्याला भजी. द्रोण मुन्शींच्या पुढ्यात आपटून अप्पा म्हणाले, "खा! पोटातल्या तेलावर महसूल घे आता!"

मुन्शींनी खाल्ली. मिरचीची आणखी मागितली.

दर वर्षी हेच. गाडीवान सभेची तारीख विचारून त्या दिवशी नाक्यावर मुक्काम टाकायला लागले. अप्पा एकेकाच्या नावानं शिव्या घालत वाढायचे. "खा रं मेल्या, तुझ्या बापानं बघितली न्हाईत असली!"

मॅट्रिक झाल्यावर मी सोलापूरच्या कॉलेजात गेलो. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजाचं दार पाहिलं नव्हतं. शाळेत उर्दू, घरात मराठी, अप्पांच्या शिव्या कानडीत, आता सगळं इंग्रजीत. फी शेअरच्या नफ्यातून जायची. बाबा रोजानं हमाली करायचे, त्यात घरची भाकरी निघायची, पुस्तक निघायचं नाही.

मी शेवटच्या वर्षाला जाणार, त्या सालच्या सभेला बाबांबरोबर मीही गेलो होतो. चेअरमन म्हणाले, "यंदा नफा वाटायचा नाही. गंगाजळीत टाकायचा." नवं यंत्र घ्यायचं होतं म्हणे. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. माझं कॉलेज तिथं, त्या सतरंजीवर संपलं होतं.

अप्पा उठले.

"यंत्र पुढच्या साली घ्या. एक पोरगं शेवटच्या वर्गात हाय."

चेअरमन हसले. "तुमचा मुलगा का?"

"न्हाय. माझ्या शेजाऱ्याचा." अप्पांचा आवाज चढायला लागला. "तेल्याचा. ह्या गिरणीनं त्याच्या बापाचा घाणा गिळला. आन् म्या, म्या त्याला बैल इकायला लावला! गिळलंय तर पचवू नका. ओका थोडं!"

सभा हसली, मग हसायची थांबली. अप्पा कानडीत शिरले आणि थांबेचनात. मागं बसलेले बारके भागीदार, खेड्यापाड्यातले, एकेक करून उभे राहिले. "वाटा, वाटा!" अशी ओरड झाली. डायरेक्टर आतल्या खोलीत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले, आणि थोडा का होईना, नफा वाटायचं ठरलं. माझी फी तेवढ्यात बसत होती.

परतीला नाक्यावर मुन्शींनी डबा पाहिला. वय झालं होतं त्यांचंही. हळूच म्हणाले, "अप्पा, हर साल झगडा कायकू? ले जाव घर कू. मैं नै देख्या."

आम्हाला वाटलं, अप्पा जिंकले. पण असं भडकलेलं मी त्यांना सभेतही पाहिलं नव्हतं. "माफी? मला माफी देतोस? कोण तू? कोंडाबाय, कढई ठेव!"

सगळ्यांना पोटभर वाढून ते मोटारीत माझ्या शेजारी येऊन बसले. मी चिडूनच म्हणालो, "अप्पा, फुकट सोडत होता. न्यायचा होता की घरी."

अप्पांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाले, "नेऊन काय करू रं गंगाराम? पार्वती गेल्यापास्नं कढई चढली न्हाय चुलीवर. एकट्यानं कुठं भजी खात्यात?"

पार्वतीकाकू गेल्या तेव्हा मी लहान होतो. अप्पांच्या घरातून तळणाचा वास कधी आल्याचं मला आठवेना. समोरासमोरची दारं आमची.

घरी आल्यावर आईला हे सांगितलं.

पुढच्या साली माझा निकाल आणि कंपनीची सभा एकाच आठवड्यात आली. नाक्यावर मोटार थांबली. गाडीवान जमले होते, कोंडाबाईनं चूल पेटवून ठेवली होती. अप्पा डबा घेऊन उतरले, मुन्शींसमोर ठेवला आणि म्हणाले, "महसूल किती ते सांग."

मुन्शी त्यांच्याकडं बघतच राहिले. "तबियत ठीक है ना?"

"महसूल घे म्हणतो ना! कायदा हाय का न्हाय तुमचा?" अप्पा खेकसले. "पोरगं बी.ए. झालंय. सावित्रीनं कढई ठेवलीय घरी. गाव जेवायचंय."

त्यांनी महसूल भरला, पावती घेतली, आणि डबा मांडीवर धरून अणदूरपर्यंत आले. गाडीवानांना त्या साली भजी मिळाली नाहीत.

आमच्या चुलीवर त्या संध्याकाळी तेल तापलं. अप्पा पाटावर बसले. आईनं पहिला घाणा त्यांना वाढला.

मी बी.ए. झालो.