अंबेरगडात गाईड न केल्यास

अंबेरगडला आलेल्या पाहुण्याने दुपारच्या जेवणापर्यंत गाईड केला नाही, तर तो तिथला स्थानिक रहिवासी धरला जातो. नियम जुना आहे, स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर ठळक रंगवलेला आहे आणि त्याबद्दल गावात कोणाची तक्रार नाही. मी तो वाचला होता. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस भिंतीवरचं वाचतोच. फक्त ते आपल्याला लागू असेल असं त्याला वाटत नाही.

आम्ही दोन दिवसांसाठी गेलो होतो. माझ्या बायकोला, नलिनीला, तिथली सातखणी बारव बघायची होती. पाचवीच्या पुस्तकात तिने त्या विहिरीचं चित्र पाहिलं होतं: जमिनीखाली उतरत गेलेले सात मजले आणि तळाच्या पाण्यात पडलेला आभाळाचा तुकडा. लग्न झालं त्या वर्षी मी तिला म्हटलं होतं, "दाखवतो तुला. दोघं मिळून शेवटच्या पायरीपर्यंत उतरू." मग माझ्या बदल्या, मुलांच्या परीक्षा आणि दोघांचे गुडघे असं करत करत निवृत्ती आली, आणि आम्ही मिरजेहून गाडीत बसलो.

स्टेशनाबाहेर रफीक मुजावर नावाचा गाईड छत्री घेऊन उभा होता.

"काका, गाईड करा. खाजगी आहे. घोळक्यामागून पळायला नको, तुमच्या गुडघ्यांच्या चालीने चालू."

"नको. नकाशा आहे, पाट्या आहेत, आणि मला वाचता येतं."

"पाट्या पाहुण्यांसाठी असतात, काका. जेवणानंतर त्या तुम्हाला दिसतील, पण तुम्ही वाचणार नाही."

नलिनी म्हणाली, "अहो, करून टाकू या ना. दोनच तर दिवस आहेत."

"अगं, थापा मारतात हे लोक. राणीने उडी मारली म्हणे, भुयार दिल्लीला निघतं म्हणे. प्रत्येक गावातलं भुयार दिल्लीलाच निघतं. दिल्लीत एवढी भुयारं निघायला जागा तरी उरली आहे का?"

"आमचं विजापूरला निघतं," मुजावर गंभीरपणे म्हणाला.

मी विजयी मुद्रेने नलिनीकडे पाहिलं. तिने पर्स उघडली.

"तुम्ही बसा तुमचं तत्त्व कुरवाळत. मी माझ्यापुरता गाईड करते."

"करा, मावशी," मुजावर म्हणाला. "तसंही आमच्याकडे गाईड माणशी असतो. जोडप्याला एक चालत नाही."

"आणि यांचं काय होईल?"

"काका स्थानिक होतील. वाईट काही नसतं त्यात. लोक राहतात इथं."

खानावळीत नलिनीसमोर वाढप्याने अदबीने मेनूकार्ड ठेवलं, कुठून आलात, तिखट चालतं का, अशी विचारपूस केली. माझ्यापुढे त्याने न विचारता ताट आपटलं. "खटावकर, आज कारलं आहे. चालेल ना? नाही चाललं तरी तेच आहे." मी त्याला माझं आडनाव सांगितलं नव्हतं. पण भूक लागली होती, आणि कारलं बरं झालं होतं. ताट रिकामं झालं तेव्हा नियमाप्रमाणे मी स्थानिक झालो होतो.

मुजावर नलिनीला आधी वेस दाखवणार होता आणि मग बारव. मी म्हटलं, "मी सरळ बारवेपाशी जातो. तुमच्या आधी पोहोचेन. आपण दोघं मिळूनच उतरू." नकाशात रस्ता नाकासमोर होता.

चौकात एका दारातून हाक आली. "काय खटावकर, उन्हाचं कुठं निघालात?"

हे डिगंबर तांबट. माझे शेजारी. ते माझे शेजारी आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

"बारव बघायला."

तांबटांनी मागे वळून हाळी दिली, "अगं, ऐकलंस का? खटावकर बारव बघायला निघालेत!"

"ताप आहे का त्यांना?" आतून आवाज आला.

"तुम्ही पाहिली आहे का?" मी विचारलं.

"आमच्या परसाची भिंत तिला लागून आहे. आमचे आजोबा ह्याच घरात वाढले, ह्याच घरात गेले."

"पण पाहिली आहे का?"

"इथंच तर आहे हो! बघू की कधीतरी."

मला चीड आली, आणि ती तांबटांची नव्हती. मिरजेत सतारी कशा करतात ते बघायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात. ती गल्ली आमच्या घरापासून दोन वळणांवर आहे. मी आत कधी गेलेलो नाही.

एवढ्यावर मी बारवेकडे चालू लागायला हवं होतं. पण आयुष्य कचेरीत गेलेल्या माणसाला चूक दिसली की ती आधी दुरुस्त करून घ्यावीशी वाटते. मी नगरपालिकेत गेलो. खिडकीत वाघचौरे नावाच्या बाई होत्या.

"मी इथला नाही. मिरजेचा आहे."

"इथं सगळे कुठून ना कुठून आलेलेच आहेत. आमचे पूर्वज पैठणचे."

"माझ्याकडे परतीचं तिकीट आहे."

"स्थानिक माणसं गावाला जात नाहीत की काय? मी स्वतः दर मे महिन्यात जाते."

"अहो, मला फक्त बारव बघायची आहे!"

"मग बघा. मनाई कुठं आहे? स्थानिकाला प्रवेश मोफत आहे."

"कोणी बघतं का?"

"मोफत आहे ना, म्हणून घाई नसते." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "ते राहू द्या. तुमच्या गल्लीत पाणी येत नाही अशी तक्रार आहे. तुम्ही एवढे शिकलेले, सहीला पुढे का येत नाही?"

सगळी उत्तरं निर्दोष होती. मी खिडकीच्या त्या बाजूला असतो तर हीच दिली असती. मी तक्रारीवर सही केली. पाण्याची अवस्था खरोखरच लाजिरवाणी होती.

बारवेच्या दाराशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मोठी पाटी होती. मी ती वाचली नाही. आत अंधारात पायऱ्या उतरत गेल्या होत्या, आणि खूप खालून नलिनीचा आवाज आला, "अहो, आलात का? या ना! पाणी दिसतंय! मी शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबलेय, दोघं मिळून उतरू!"

मी चौकटीला हात लावला. दगड गार होता. एक पाय आत टाकला.

"खटावकर!" मागून तांबट ओरडत आले. त्यांच्या हातात दोन बादल्या होत्या आणि त्यांतली एक माझी होती. "टँकर आलाय! तुमच्या घरचं कोणी नाही रांगेत! ती कोपऱ्यावरची देशमुखीण नंबर पटकावतेय तुमचा!"

सात मजले खाली पाणी होतं हे मला ठाऊक होतं. पण त्या पाण्यावर माझा नंबर नव्हता. मी पायऱ्यांच्या तोंडाशी वाकलो आणि अगदी शांत, समजूतदार आवाजात म्हणालो, "हो, आलोच. इथंच तर आहे."

वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते मलाही ऐकू आलं.

देशमुखीणबाईंशी भांडण रंगलं, पण बादली भरून मिळाली. परत आलो तेव्हा दार बंद झालं होतं. नलिनी बाहेर कट्ट्यावर बसली होती आणि तिची पावलं ओली होती.

"किती वेळ थांबले मी," ती म्हणाली. "मग मुजावर म्हणाले, मावशी, बंद करायची वेळ झाली. मग उतरले एकटीच."

"आभाळ दिसलं?"

"दिसलं. चित्रात होतं त्याहून लहान आहे."

मी तिच्याशेजारी बसलो. बादली दोघांच्या मध्ये होती. तिने त्यातलं पाणी घेऊन तोंड धुतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ या. मी हात धरून नेते."

दुसऱ्या दिवशी तिने खरोखर माझा हात धरला. वाटेत तांबटांच्या नातवाचं बारसं होतं. शेजाऱ्याला बारशातून उठता येत नाही.

परतीच्या गाडीत मी तिच्यासोबत चढलो, बॅग वर टाकली, खिडकी पुसली. तिकीट तपासनीस आला आणि सौजन्याने म्हणाला, "सोडायला आलेल्यांनी आता उतरून घ्या." माझ्या हातात तिकीट होतं. त्याने ते पाहिलं. "गावाला नंतर जा की, काका. आज तुमच्या वॉर्डाची पाण्याची सभा आहे. अध्यक्ष तुम्ही." डब्यातले सगळे माझ्याकडे बघू लागले. सभेच्या दिवशी गैरहजर राहिल्याचं माझ्या नोकरीत एकही उदाहरण नाही. मी उतरलो.

खिडकीतून नलिनी म्हणाली, "पुढच्या वेळी मी गाईड करत नाही. मग राहू दोघं इथंच."

"वेडी आहेस का? घरातल्या एकाने तरी बारव बघायला हवी."

ते तिला पटलं.

आता मी तांबटांच्या वरच्या मजल्यावर राहतो. पाणी एक दिवसाआड येतं. सभेचा परिणाम आहे, पण श्रेय देशमुखीणबाई घेतात. नलिनी सणासुदीला येते. प्रत्येक वेळी स्टेशनावर मुजावरलाच गाईड करते, आधी बारव बघते आणि मग तो तिला माझ्या गॅलरीखाली आणून उभी करतो.

"मावशी, हे आमचे खटावकर," तो परवा छत्रीने माझ्याकडे दाखवत सांगत होता. "सात पिढ्या इथलं घराणं. विजापूरचं भुयार यांच्या खापरपणजोबांनी बुजवलं."

"साफ खोटं!" मी वरून ओरडलो. "मी मिरजेचा आहे! आणि ही माझी बायको आहे, तिलाच विचार!"

मुजावरने आवाज खाली आणला. "स्थानिक लोक असंच सांगतात, मावशी. मनावर घेऊ नका."

नलिनीने मान हलवली. "लग्न झालंय का त्यांचं?"

"झालंय म्हणतात. बायको बाहेरगावची आहे."

"आणि बारव पाहिली आहे त्यांनी?"

"अजून नाही. इथंच तर आहे."

नलिनीने वर पाहिलं. तिची पावलं अजून ओली होती. "अहो," ती म्हणाली, "येताय ना? मी परत उतरते तुमच्यासोबत."

मी लगेच चपला पायात घातल्या. एकच जिना आणि एक गल्ली. जिन्याच्या मधल्या पायरीवर होतो तेव्हा कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला.

"तू हो पुढे," मी म्हटलं, आणि बादली आणायला वर वळलो.