विमानाने जवळच

आमच्या शेजारच्या दाजी वालावलकरांना कुठलंही अंतर विचारा, ते विमानाचंच सांगत. एखादा घामाघूम पाहुणा मरोळ अजून किती लांब म्हणून विचारायचा. दाजी ओटीवरून सांगत, "विमानाने म्हणाल तर हे आलंच." पाहुणा चालत आलेला असे आणि पुढेही चालतच जाणार असे, पण दाजींच्या लेखी तो किरकोळ तपशील होता.

स्वतः दाजी विमानात कधीच बसले नव्हते. उभा जन्म गोदीच्या कचेरीत बोटींचे कागद रंगवण्यात गेला, त्यामुळे बोट या वाहनाविषयी त्यांना सासुरवाडीइतकाच आदर होता. अंधेरीत बिऱ्हाड केलं तेव्हापासून सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या कौलांवरून जात. आमच्या कपबशा थरथरत आणि दाजींची छाती फुगे. त्यांनी एक पृथ्वीचा गोल विकत आणला आणि बायकोच्या, म्हणजे माईंच्या, शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन ते गावं मोजू लागले. "सरळ रेषेत बघा," हे त्यांचं पालुपद.

हा छंद गोलापुरता राहता तर माझी तक्रार नव्हती. पण त्यांच्या शालूला दोन स्थळं सांगून आली, एक सावंतवाडीचं, एक नैरोबीचं. माईंना अर्थात सावंतवाडी हवी होती. दाजींनी दोरा काढला. सावंतवाडी म्हणजे बोट, मग होडी, मग बैलगाडी. पोरगी माहेरी पोचेपर्यंत सण उलटून जायचा. नैरोबीहून संध्याकाळी निघाली की सकाळी आपल्या ओटीवर. मुलगी जवळच द्यावी, या जुन्या रीतीला धरून त्यांनी ती आफ्रिकेत दिली.

तिला पोचवायला अख्खी चाळ विमानतळावर गेली होती. माई रडत होत्या, दाजी घड्याळ बघत होते. दुसऱ्या दिवशी आंघोळ उरकून त्यांनी चाळीला सांगितलं, "पोचली."

त्यानंतर ही जवळची शालू एकदाही येऊ शकली नाही. विमानाचं भाडं दोऱ्याने मोजता येत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर यायचं, पण शेजारधर्म आड यायचा.

मग तिला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात दुमत नव्हतं. माईंनी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, दाजींनी पाळणा रंगवून घेतला. तिला आत्ताच बोलवून घ्या, असं माई रोज म्हणत. दाजी म्हणत, विमान आहे, घाई कशाला, अगदी शेवटी येईल. शेवटी तिथल्या डॉक्टरने अशा अवस्थेत विमानाला साफ मनाई केली. बोटीने निघाली असती तर दिवस समुद्रातच भरले असते.

माई भांडल्या नाहीत. गोलापाशी जाऊन एवढंच म्हणाल्या, "ह्या गोळ्यार माझा चेडू खंय दिसता, तेवढा दाखवा." दाजींनी लेकीच्या गावावर बोट ठेवलं. माई बराच वेळ तिथे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

नैरोबीला परतणाऱ्या एका गृहस्थांबरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा द्यायचा होता, म्हणून मी दाजींबरोबर विमानतळावर गेलो. विमान उडालं. दाजींनी घड्याळ पाहिलं नाही. परतताना मी सवयीने थट्टा केली, की डबा सकाळी शालूच्या हातात.

"पोचेल हो," दाजी म्हणाले. "शालूला मात्र सासरी बोटीनं पाठवायला हवी होती."

दाजींच्या तोंडी बोटीचं नाव ऐकून मी चालता चालता थांबलो.

"मी आंघोळ करून येतो तर ती पोचलेलीसुद्धा. बोटीनं गेली असती, तर आठवडाभर तरी हिला सांगता आलं असतं, अजून वाटेतच आहे म्हणून."