श्रवणग्रस्तांचा प्राथमिक अभ्यास

ज्या समाजावर संशोधन होतं तो समाज भाग्यवान समजला पाहिजे. कारण त्याच्या अडचणी सुटल्या नाहीत तरी त्यांना तळटीपा मिळतात. या न्यायानं प्रेमलता शितोळे ही इंदूरमधली सर्वांत भाग्यवान बाई होती. ती जन्मापासून कर्णबधिर होती, सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात शेवेची पाकिटं बंद करायच्या मशीनवर काम करत होती, आणि गेल्या चौदा वर्षांत अडतीस संशोधकांनी तिचा अभ्यास केला होता. (कारखान्याच्या मालकानं एकदाही केला नव्हता, पण त्याला बढतीसाठी शोधनिबंध लागत नव्हते.)

प्रबंधांमध्ये ती कधी 'सहभागी क्र. ४' असे, कधी 'प., स्त्री, वय ३४'. एका प्रबंधात ती नजरचुकीनं पुरुष होती. तिनं ती चूक लिहून कळवली, तेव्हा त्यामुळे निष्कर्षांत फरक पडत नाही असं नम्र उत्तर आलं.

दर रविवारी शहरातले तीसेक कर्णबधिर लोक एका बागेत जमून मनसोक्त गप्पा मारायचे, म्हणून संशोधकही रविवारीच यायचे. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात? भांडताना हात दुखतात का? उत्तर मिळालं नाही की तोच प्रश्न मोठ्यानं विचारला जाई. प्रेमलता सगळ्यांना सगळं खुणांनी, वेळ पडली तर लिहून, समजावून सांगायची. तिचा नवरा रजत गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचा, तोही कर्णबधिर. तो विचारायचा (हातांनीच, त्या घरात सगळं बोलणं हातांनी होतं, ते दर वेळी सांगत बसत नाही), "एवढं शिकून हे लोक जातात कुठं?"

"कॉन्फरन्सला," प्रेमलता म्हणायची.

या संशोधकांत सर्वांत ज्येष्ठ म्हणजे डॉ. मानस भुस्कुटे. भंवरकुआंजवळच्या 'माळवा भाषावर्तन अध्ययन संस्थान' नावाच्या संस्थेत ते सांकेतिक भाषेचे विभागप्रमुख होते. नऊ वर्षं त्यांनी या भाषेचा सखोल अभ्यास केला होता आणि ती त्यांना येत नव्हती. हा आळस नव्हता, तत्त्व होतं. "माशांच्या अभ्यासकाला पोहता यावंच लागतं असं नाही," ते म्हणत. भाषा आली की माणूस गप्पांत ओढला जातो आणि तटस्थता संपते, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणारं आजवर कुणी भेटलं नाही. (भेटले असतील, पण ते हातांनी बोलत होते.)

डॉ. भुस्कुटे माळव्यातल्या खुणांचा कोश करत होते. दोन वर्षांत प्रेमलतानं त्यांना चारशे बारा खुणा दिल्या, प्रत्येक खूण तीन-तीनदा, कॅमेऱ्याला नीट दिसेल अशी. कधी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजाही काढली. 'पोहे' या शब्दाला इंदूरचे लोक चिमटीनं जिरावण मसाला भुरभुरल्याची खूण करतात आणि महूचे लोक वेगळीच, यावरून बागेत एकदा दोन तास वाद रंगला. प्रेमलताला वाटलं, सरांना केवढा ऐवज मिळाला! अहवालात त्याची नोंद 'समूहात अकारण प्रक्षोभ' अशी झाली.

मग एक दिवस संस्थानाची जाहिरात आली. पद: भाषा-सहायक. सांकेतिक भाषेवर प्रभुत्व अनिवार्य. कर्णबधिर उमेदवारांना प्राधान्य.

प्रेमलतानं ती तीनदा वाचली आणि रजतला दाखवली. चौदा वर्षं तिचे हात दिवसभर पाकिटं सारत होते आणि बोलायचं काम फक्त रविवारी करत होते. हातांनी बोलण्याची नोकरी असते, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं अर्ज भरला. मुलाखतीसाठी माहेश्वरी साडीला इस्त्री केली. आठ दिवसांनी पत्र आलं: मुलाखत दूरध्वनीवर घेतली जाईल.

त्या दिवशी मदतीला तिचे वडील अप्पासाहेब आले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते आणि अप्पासाहेबांचा आवाज थेट तिथूनच आला होता. लेकीशी मात्र ते लहानपणापासून हातांनी बोलत, थोडं मोडकंतोडकं, पण बोलत. अकराला फोन वाजला. त्यांनी उचलला.

"उमेदवार बोलतायत का?" पलीकडच्या बाबूनं विचारलं.

"उमेदवाराचा बाप बोलतोय. ती समोर बसलीय. तुम्ही पूछा, मी तिला सांगतो. ती काय म्हणते ते तुम्हाला सांगतो."

"वो अलाउड नहीं है काकाजी. उमेदवारानं स्वतः बोलायचं असतं."

"अरे भिया, ती अशी बोलली असती तर ही नौकरी कशाला मागितली असती?"

"मी समजू शकतो. पण मौखिक परीक्षा मौखिकच घ्यावी लागते, फार्म में लिखा है. त्यांच्या कानाला फोन लावा, मी प्रश्न वाचतो."

अप्पासाहेबांनी काय करावं ते न कळून फोन तिच्या कानाला लावला. प्रेमलता पदर सावरून ताठ बसली होती. सहा मिनिटं फोन कानाशी राहिला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं, तेव्हा मुलाखत संपली हे तिला समजलं.

निकाल रीतसर टपालानं आला. 'उमेदवार वेळेवर उपस्थित. वर्तन शांत. सर्व प्रश्नांना मौन. संवादकौशल्य: शून्य.'

त्यानंतर तीन दिवस ती घरात काही बोलली नाही. म्हणजे जेवणखाण झालं की हात मांडीवर पडून असायचे. रजत समोर येऊन बसायचा, हाक मारावी तसा दिवा लावायचा, विझवायचा, पुन्हा लावायचा. ती वर पाहायची नाही. चौथ्या दिवशी ती पाकिटं बंद करायला गेली.

त्या जागेवर खुशी किबे नावाच्या मुलीची निवड झाली. तिनं भाषाशास्त्रात एम. ए. केलं होतं, तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता आणि फोनवर ती छान बोलली होती. पहिल्याच रविवारी संस्थानानं तिला बागेत पाठवलं, भाषा शिकायला, प्रेमलताकडे. खुशीला म्हणायचं होतं, मला तुमच्याकडून शिकायचंय. तिच्या हातांनी म्हटलं, माझी शेळी तुमच्यावर रागावलीय.

सगळी बाग हसली. प्रेमलता हसली नाही. ती पाठ फिरवून निघाली. खुशी धावत तिच्यापुढे आली, रडवेल्या तोंडानं तेच वाक्य पुन्हा केलं, या वेळी शेळी आणखी रागावली. प्रेमलतानं तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट जागेवर लावलं.

"तुझी नोकरी घेतली तिनं, आणि तू शिकवतेस?" घरी रजत चिडला.

"चुकलं की ती पुन्हा विचारते," प्रेमलता म्हणाली. "एकोणचाळिसावी आहे, पण पहिलीच."

त्याच आठवड्यात प्रेमलतानं स्वतःचं संशोधन हाती घेतलं. विषय: श्रवणग्रस्त समुदाय, म्हणजे ज्यांना ऐकू येतं असे लोक. पद्धत तिनं अडतीस जणांकडून शिकलेली होतीच. संमतीपत्र सांकेतिक भाषेत, व्हिडिओवर, चार मिनिटांचं, खाली अक्षरं नाहीत. (तिला आजवर मिळालेली संमतीपत्रं इंग्रजीत, चार पानी असायची.) जुन्या अडतीस संशोधकांना निमंत्रणं गेली. एकतीस आले, व्हिडिओ पाहिला आणि समजल्यासारखी मान डोलावली. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग प्रत्येकाला सतरा प्रश्नांचा छापील कागद दिला गेला आणि तो भरताना त्यांचं निरीक्षण झालं.

सप्टेंबरात सांकेतिक भाषा दिनानिमित्त संस्थानानं परिसंवाद ठेवला. दीपप्रज्वलनासाठी 'समुदायाच्या प्रतिनिधी' म्हणून प्रेमलताला बोलावलं आणि दोन शब्द सांगण्याची विनंती केली. दुभाष्याची खुर्ची ऐन वेळी एका पाहुण्यांना लागल्यामुळे दुभाषी नव्हता. प्रेमलता अकरा मिनिटं बोलली. सभागृहानं तिच्याकडे अत्यंत आदरानं पाहिलं. ती थांबताच डॉ. भुस्कुटे माइककडे आले.

"प्रेमलताजी भावुक झाल्यात," ते म्हणाले. "त्या म्हणतात, संस्थानानं त्यांना आवाज दिला."

तिसऱ्या रांगेत पाहुण्यांची स्मृतिचिन्हं सांभाळत खुशी बसली होती, एव्हाना बागेतला एकही रविवार न चुकवलेली. ती उभी राहिली.

"सर, त्या तसं नाही म्हणाल्या."

"खुशी, बैठ जाओ."

खुशी बसली नाही. ती मंचावर गेली, प्रेमलतासमोर उभी राहिली आणि खुणेनं म्हणाली, पुन्हा सांगा, पहिल्यापासून, हळू. प्रेमलता पुन्हा सांगू लागली आणि खुशी ते मोठ्यानं बोलू लागली.

"त्या म्हणाल्या, मी तुम्हाला चारशे बारा शब्द दिले. मला एक नोकरी हवी होती. तुम्ही मला फोन केलात."

सभागृह शांत झालं. (ते प्रेमलताला ऐकू आलं नाही, पण दिसलं.) मग खुशीनं प्रेमलताच्या अभ्यासाचे निष्कर्ष सांगितले. श्रवणग्रस्त व्यक्ती समोरच्याशी बोलताना शेजारच्याकडे पाहते. तिला समजलं नाही की ती मान डोलावते. समोरच्याला समजलं नाही की ती ओरडते. एका वेळी एकच काम जमतं: ऐकत असेल तर पाहता येत नाही. तरीही योग्य प्रशिक्षण दिल्यास हा समुदाय मुख्य प्रवाहात येऊ शकतो.

संस्थानानं तत्काळ दखल घेतली. समिती नेमली, नियम बदलला. आता कर्णबधिर उमेदवारांची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते. नेटवर्कवर ताण येऊ नये म्हणून कॅमेरा मात्र बंद ठेवायचा असतो. खुशीचं कंत्राट पुढे वाढलं नाही. जागा पुन्हा निघाली तेव्हा प्रेमलतानं अर्ज केला नाही. आता ती आठवडाभर पाकिटं बंद करते आणि रविवारी बागेत ऐकू येणाऱ्या बावीस जणांना बोलायला शिकवते. खुशी तिची सहायक आहे. पहिल्या बाकावर अप्पासाहेब बसतात. मोडकंतोडकं बोलणाऱ्यांना त्या वर्गात मागे बसू देत नाहीत.

अभ्यास अजून पूर्ण झालेला नाही, कारण सतरावा प्रश्न अडला आहे. 'तुमच्या ओळखीच्या एका कर्णबधिर व्यक्तीचं नाव लिहा.' एकतीस तज्ज्ञांपैकी अकरा जणांनी 'सहभागी क्र. ४' असं लिहिलं. सात जणांनी 'मामेबहिणीच्या सासरचा एक मुलगा, नाव आठवत नाही' असं. एकानं लिहिलं, 'आमच्या कॉलनीतला इस्त्रीवाला, फार मेहनती.' उरलेले बराच वेळ छताकडे पाहत होते. उत्तरं अपुरी पडल्यामुळे हा प्रश्न आता सर्वसामान्य वाचकांसाठी खुला केला आहे. कृपया स्वच्छ अक्षरात, पूर्ण नाव लिहावं:

.......................................

(प्रेमलता शितोळे हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. त्यांना तुम्ही फक्त वाचलं आहे.)